सातवा क्यूब

राऊत मॅडमवर मी पहिल्या दिवसापासून संशय घेतला, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला गेलो तर मी स्वतःला सावरून घेईन. तशी माझी सवय आहे.

नायगावला खाडीच्या अंगाला आमच्या शेठची दोन टॉवरांची साइट होती. मी तिथला सीनियर साइट इंजिनिअर. शिक्षण डिप्लोमा, पण बावीस वर्षं काँक्रीटमध्ये गेलेली. आधीचा प्रोजेक्ट मॅनेजर आखाती देशात निघून गेला तेव्हा त्याची खुर्ची आता आपलीच, असं मी घरी सांगूनही बसलो होतो. बायकोने बोळिंजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोघीतिघींना सांगितलंही होतं. आणि एका सोमवारी शेठच्या गाडीतून त्यांच्या मागोमाग एक बाई उतरल्या. पस्तिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, केसांचा घट्ट अंबाडा, कमरेला स्टीलची टेप.

"सावंतभाई, ये राऊत मॅडम. आता साइट ह्या बघतील," शेठ म्हणाले. "सहा महिने बघू. जमलं तर प्रोजेक्ट हेड म्हणून पक्कं करू."

वैजयंती राऊत. वसईजवळच्या होळी गावच्या, वाडीवाल्यांच्या घरातल्या. एवढं मला त्याच दिवशी कळलं. पण माझ्या मनात अडकून बसले ते शेठचे "सहा महिने" हे दोन शब्द. सहा महिन्यांत बरंच काही होऊ शकतं.

त्या साइटवर आल्या की आधी ऐकू यायच्या. सेफ्टी शूज आमच्या स्टोअरमध्ये सात नंबरपासून वर असायचे आणि त्यांचा पाय असेल चारचा. स्टोअरकीपर म्हणाला, "लेडीज साइज येत नाही मॅडम, ऑर्डरच नसते." त्यांनी सात नंबर घेतले, दोन मोजे चढवले, पुढे चिंध्या कोंबल्या आणि फटक फटक करत चालायला लागल्या. तो आवाज आला की सळया बांधणारे फिटर लोक बिड्या विझवायचे. वर जाताना त्या कधीही लिफ्ट वापरत नसत. पायऱ्यांनी जायच्या, प्रत्येक मजल्यावर थांबायच्या. खाली येताना मात्र लिफ्टने. मला वाटायचं, ही बाई प्रत्येक मजल्यावर नक्की काय बघते? कोणासाठी बघते?

आल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती केबिनची नव्हती, संडासाची. साइटवर चौदा बायका बिगारी कामाला होत्या. त्या कुठे जायच्या हे आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं. चार दिवसांत पत्र्याची पण नीट कडीची खोली उभी राहिली, तिला कुलूप आणि किल्ली बायकांकडे. मी त्या दिवशी चहाच्या टपरीवर म्हणालो होतो, "मॅडमचं पहिलं बांधकाम बघा, काय भव्य!" सगळे खूप हसले. जव्हारकडची सगुणा नावाची एक बिगारी तिथेच घमेलं धूत बसली होती. ती हसली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं आणि घमेलं उलटं करून ठेवलं.

मॅडमचा एक शब्द ठरलेला होता. कोणीही येऊन "झालं मॅडम" म्हटलं की त्या म्हणायच्या, "दाखवा." ओरडून नाही. दुकानात साडी दाखवा म्हणतात तितक्या सहज. प्लंबर म्हणाला पाइप टाकला, दाखवा. ठेकेदार म्हणाला माणसं वाढवली, दाखवा. मी एकदा म्हणालो, "पाचव्याच्या स्लॅबचं स्टील तपासलंय, उद्या भरायला हरकत नाही."

"दाखवा."

"मॅडम, मी स्वतः तपासलंय."

"हो ना. तेच दाखवा."

वर गेल्यावर त्या सळयांच्या जाळीवर चक्क पालथ्या झोपल्या, गाल लोखंडाला लावून, एक डोळा मिटून. सळई खालच्या फळीला टेकू नये म्हणून मध्ये सिमेंटचे लहान ठोकळे ठेवतात. एका अख्ख्या कोपऱ्यात ते नव्हतेच. त्या उठल्या, गालावरचा गंज पुसला आणि शेजारी उभ्या फिटरला म्हणाल्या, "इथे ठोकळे घाला." मला काहीच बोलल्या नाहीत. चार माणसांत मला वाचवलं, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं, हिने मनात नोंद केली. वेळ आली की वापरेल.

फोनवर त्या आईशी घरच्या बोलीत बोलायच्या. ती बोली मला निम्मी कळायची आणि उरलेली निम्मी मी संशयाने भरून काढायचो. एकदा "नेऊन ठेवते" असं काहीसं ऐकलं आणि आठवडाभर डोक्यात तेच. काय नेऊन ठेवते? कुठे?

मग ते मिक्सरचं प्रकरण झालं. हायवेकडच्या प्लांटवरून काँक्रीटची गाडी निघाली आणि ट्रॅफिकमध्ये अडकली. साइटवर पोचेपर्यंत माल घट्ट होत आलेला. अशा वेळी सगळ्या साइटवर एक पद्धत असते, बोलून न दाखवायची. पंपवाला सुपरवायझरकडे बघतो, सुपरवायझर एक किंवा दोन बोटं वर करतो आणि तेवढी मिनिटं गाडीत पाण्याचा पाइप सोडला जातो. माल सुटा होतो, पटापट ओतला जातो, सगळे वेळेवर घरी जातात. काँक्रीटची ताकद त्या पाण्यात वाहून जाते, हे प्रत्येकाला माहीत असतं. मी सवयीने एक बोट वर केलं. पाठीमागे बूट वाजले.

"गाडी परत," मॅडम म्हणाल्या.

ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, पूरी गाडी?"

"पूरी."

शेठचा फोन आला तेव्हा त्यांनी तो कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी आम्हाला ऐकू येत होता. त्या ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बरोबर आहे शेठ. पण गाडी परत गेली." मी टपरीवर सांगितलं की प्लांटवाल्यांशी हिचं काहीतरी वैयक्तिक आहे. पुरावा काही नव्हता. लोकांनी मान हलवली, तेवढं मला पुरलं.

त्याच सुमाराला एकदा ऑफिसच्या कंटेनरमध्ये रिपोर्टची फाइल चाळत त्या म्हणाल्या, "सावंत साहेब, तुमचे क्यूब नेहमीच पास होतात."

क्यूब म्हणजे काँक्रीटचा सहा इंची ठोकळा. दर वेळी काँक्रीट ओतताना त्यातलाच थोडा माल लोखंडी साच्यांत भरून सहा ठोकळे करायचे, पाण्यात ठेवायचे आणि लॅबमध्ये दाबून फोडायचे. तीन सात दिवसांनी, तीन अठ्ठावीस दिवसांनी. किती भाराला फुटला त्यावरून इमारतीतलं काँक्रीट कसं आहे ते कळतं.

"बावीस वर्षांत एकही फेल नाही, मॅडम," मी म्हणालो.

"एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी ते कौतुक समजलो.

आता माझे क्यूब कसे पास व्हायचे ते सांगतो. पहिल्या गाडीतून, पाणी सोडायच्या आधीचा माल घ्यायचा. साच्यात भरताना वर मूठभर कोरडं सिमेंट टाकायचं. बस. मला हे पहिल्या नोकरीत एका वयस्कर इंजिनिअरने प्रेमाने शिकवलं होतं, आणि मी पुढे चारपाच जणांना तितक्याच प्रेमाने शिकवलं. क्यूब पास होण्यासाठीच असतो असं मला खरंच वाटायचं. इमारत त्या क्यूबसारखी आहे का, हा प्रश्न माझ्या कामात बसतच नव्हता.

त्या संभाषणानंतर पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की क्यूब सहाऐवजी सात भरले जातायत. सातवा सगुणा भरायची. मॅडमनी तिला शिकवलं होतं: माल तीन थरांत घालायचा, प्रत्येक थराला लोखंडी कांबीने पस्तीस ठोके. शाळा तिसरीपर्यंतची, पण सगुणा मोठ्याने मोजायची, एक, दोन, तीन, आणि मध्येच कोणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरू करायची. "अगं राहू दे, कोण बघतंय?" असं एकदा मुकादम म्हणाला, तर म्हणे, "मीच बघते ना." दुसऱ्या दिवशी साचा उघडला की सातवा ठोकळा ओल्या गोणपाटात गुंडाळून मॅडमच्या स्कूटरच्या डिकीत जायचा.

साइटवरची वस्तू बाहेर जाते, तीही लपवून. माझ्या सगळ्या संशयांना एकदम हातपाय फुटले. दुसऱ्या बिल्डरला विकतायत माहिती? शेठला अडचणीत आणणार? त्यावेळी मला वाटायचं मी कंपनीचा विचार करतोय.

नवव्या मजल्याचे कॉलम, म्हणजे खांब, भरायचे होते त्या दिवशी मॅडमना शेठनी हेड ऑफिसला बोलावलं होतं. साइट माझ्याकडे. शेवटच्या दोन गाड्या उशिरा आल्या, माल घट्ट. पंपवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी आजूबाजूला बघितलं आणि दोन बोटं वर केली. आठ कॉलम भरले. माझे सहा क्यूब मी सकाळीच पहिल्या गाडीतून भरून ठेवले होते. वर चढून बघतो तर सगुणा शेवटच्या गाडीच्या पाइपाखाली घमेलं धरून उभी. माझ्यादेखत तिने सातवा साचा भरला. पस्तीस, पस्तीस, पस्तीस. मी तिला थांबवू शकलो असतो. काय म्हणून थांबवणार होतो?

त्या शनिवारी दुपारी मी मॅडमच्या स्कूटरमागे गेलो. डिकीत आदल्या दिवशी उघडलेला एक क्यूब होता, हे मला माहीत होतं. स्कूटर वसईतून होळीत शिरली, एका वाडीच्या फाटकातून आत गेली. मी बाईक रस्त्यावर लावली आणि कुंपणाच्या आडून बघू लागलो. दाट केळी, पानवेली, आणि मधोमध बावखल. वसईच्या वाड्यांत असतं तसं झाडांच्या सावलीतलं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. मॅडम बूट काढून कडेला बसल्या, गोणपाट सोडलं, ठोकळा एका जाळीत घालून दोरीने हळूहळू पाण्यात सोडला आणि दोरी माडाला बांधली. तिथे आधीच बऱ्याच दोऱ्या बांधलेल्या होत्या. मी मोबाइलवर फोटो काढला.

"कोण पाहिजे?"

मागे त्यांची आई उभी होती. हातात कोयता, डोक्याला रुमाल. बाहेरच्या माणसाशी बोलायची मराठी काढून त्यांनी पुन्हा विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?"

"केळी... केळी मिळतील का म्हणून आलो."

त्या माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी आणून दिली, उन्हात वाळवलेली, मधासारखी. "केळी आता नाहीत काढलेली. ही न्या. ऊन आहे, पाणी पिऊन जा." मी पाणी प्यायलो. सुकेळी घेतली. गेलो.

फोटो दीड महिना माझ्याकडे पडून होता. मी काय बघितलं होतं ते मला नीट माहीत होतं. साइटवरच्या टाकीतले ठोकळे कोणीही बदलू शकतो. जिथे कोणाचा हात पोचणार नाही अशा पाण्यात ही बाई आपला एक ठोकळा ठेवत होती. मी इंजिनिअर आहे, मला ते त्या कुंपणाशीच कळलं होतं. तरी सहा महिने संपायच्या आठवड्यात मी शेठना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: "मॅडम साइटवरचे क्यूब बाहेर नेतात. कोणाला देतात माहीत नाही."

"माहीत नाही." आयुष्यात मी बरंच खोटं बोललोय, पण हे दोन शब्द लिहिताना माझा अंगठा थांबला होता, हे मला आठवतं. थांबला आणि मग पुढे गेला.

दुसऱ्याच दिवशी शेठनी कंटेनरमध्ये आम्हा दोघांना बसवलं. टेबलावर मोबाइल ठेवला. "मॅडम, हे काय आहे? कोणी पाठवलं ते विचारू नका."

त्यांनी फोटो बघितला. चेहऱ्यावर काही हललं नाही. "क्यूब आहे. मी नेते."

"कुठे?"

"घरी. बावखलात ठेवते. अठ्ठावीस दिवस झाले की माझ्या ओळखीच्या लॅबला देते."

"कोणाला विचारून?"

"कोणालाही नाही."

"अरे, मला तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर सातवाही पास झाला असता, शेठ."

मॅडमनी वहीतून घडी घातलेला कागद काढला. "हा काल हातात आला. लॅबने उशीर केला, दोनदा मागावा लागला. नवव्या मजल्याचे कॉलम. फेल आहे. थोडा नाही, बराच."

"आणि साइटवरचे सहा?"

"सहाही पास."

शेठ मूर्ख नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशी साइटवर कोण होतं?"

मला इथे लिहावंसं वाटतं की मी तोंड उघडलं. मी तोंड उघडलं नाही. मी समोरचा पाण्याचा ग्लास मॅडमकडे सरकवला. तेवढंच केलं.

"साइट माझी होती," मॅडम म्हणाल्या. "मी इथे नसले तरी माझीच. नाव माझं लिहा. पण आधी आठही कॉलमना ड्रिल मारून आतला नमुना काढायचा. तोवर वरचं काम मी थांबवते." आणि शेठ हो किंवा नाही म्हणायच्या आत त्या बाहेर पडल्या. फटक फटक करत पायऱ्या चढल्या आणि अकराव्या मजल्यावरचं शटरिंगचं, फळ्या ठोकायचं काम थांबवलं.

आठपैकी पाच कॉलम कच्चे निघाले. वरचा भार टेकूंवर घेऊन त्या पाचांना बाहेरून नव्या सळया आणि काँक्रीटचं जाकीट चढवावं लागलं. दोन महिने साइट अडली. त्या दोन महिन्यांत मॅडम रोज त्या मजल्यावर होत्या. काम संपल्यावर शेठ त्यांना म्हणाले, "काम एकदम सही केलं मॅडम. पर हमको बताया नहीं. भरोसा नाही राहिला." पक्कं केलं नाही. खुर्चीवर शेठचा पुतण्या आला. मला कोणी काही विचारलं नाही. कानावर गोष्टी घालणारा माणूस शेठना हवाच होता, असं मला आता वाटतं.

जायच्या दिवशी मॅडमनी संडासाची दुसरी किल्ली सगुणाला दिली. माझ्या टेबलावर केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी ठेवलेली होती. तसंच पान, तशीच गाठ. वर चिठ्ठी नव्हती. मी ती घरी नेली नाही. दुपारपर्यंत तिच्याकडे बघत बसलो आणि मग फिटरांना वाटून टाकली.

याला चार वर्षं झाली. टॉवर पुरे झाले, लोक राहायला आले, नवव्या मजल्यावर कोणाच्या तरी बाल्कनीत तुळस दिसते. शेठनी मला "आता आराम करा सावंतभाई" म्हटलं. आराम मला परवडणारा नव्हता. बोळिंजला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर मोठं संकुल उभं राहतंय. एक दिवस फाटकावरच्या फलकावर प्रोजेक्ट हेडच्या रकान्यात वैजयंती राऊत हे नाव वाचलं. तीन दिवस मी फाटकावरून नुसता गेलो. चौथ्या दिवशी आत गेलो.

शेडमध्ये डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून सगुणा बसली होती, समोर साचे, शेजारी शिकणाऱ्या दोन बायका. "सावंत साहेब!" ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, पण राग होता असंही नाही. "मॅडम वर हायेत."

"बोला."

मी दचकलो. मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. मला ऐकू कसं आलं नाही म्हणून मी खाली बघितलं. बूट त्यांच्या मापाचे होते.

मी घरून चारपाच वाक्यं तयार करून आणली होती. त्यातलं एकच बाहेर आलं. "मॅडम, तो फोटो मी पाठवला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"शेठनी फोटो दाखवला तेव्हापासून. तुम्ही केळी घ्यायला आलात ते तर त्याच दिवशी कळलं होतं. आई म्हणाली, कपाळावर हेल्मेटचा वळ असलेला एक माणूस आला होता. केळी मागत होता आणि बघत होता पाण्याकडे."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? त्या दिवशी साइटवर कोण होतं ते शेठनी विचारलं होतं."

त्यांनी वर चाललेल्या पंपाकडे नजर टाकली. "तुमचं नाव घेतलं असतं तर शेठना माणूस मिळाला असता. माणूस मिळाला की विषय संपतो. तुम्हाला काढलं असतं आणि कॉलम तसेच राहिले असते."

चार वर्षं मी समजत होतो की या बाईंनी माझ्यावर दया केली. त्या दयेखाली दबून जाणंही मला आतून थोडं बरं वाटत होतं. दया नव्हतीच. मी त्या हिशोबातच नव्हतो.

"आता कबुली द्यायला आलात की कामाला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. "दोन्ही," मी म्हणालो.

"क्यूब कसे भरता हल्ली?"

"नीट भरतो, मॅडम."

"दाखवा."

सगुणाने रिकामा साचा माझ्यापुढे ठेवला. नुकत्याच आलेल्या गाडीचं घमेलं आलं. मी गुडघ्यांवर बसलो. बावन्न वर्षांचा माणूस, दोन शिकाऊ बायकांच्या समोर. पहिला थर घातला, कांब हातात घेतली. सगुणा मोजू लागली. मॅडम माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होत्या. शेजारीच सिमेंटची फोडलेली गोणी होती आणि मला शपथेवर सांगता येत नाही की माझा हात सवयीने तिच्याकडे जरासुद्धा हलला नाही. तिसऱ्या थराला खांदा भरून आला, मी थांबलो.

"तेहतीस झालेत," सगुणा म्हणाली. "अजून दोन."

मी दोन मारले. मॅडमनी साच्यावर खडूने तारीख घातली, तिच्याखाली माझं आडनाव. "अठ्ठावीस दिवसांनी या," म्हणाल्या आणि पायऱ्यांकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी घेऊन रस्ता ओलांडत होतो तेव्हा त्यांची स्कूटर समोरून वसईच्या दिशेने गेली. त्यांनी मला बघितलं नाही, किंवा बघितलं तरी तसं दाखवलं नाही. डिकी नीट बसली नव्हती. फटीतून ओलं गोणपाट लोंबत होतं आणि त्यातून रस्त्यावर थेंब पडत होते. सिग्नलपर्यंत पडत गेलेले ते थेंब मी बघत उभा होतो.

आज सतरावा दिवस आहे.